डायनासोरच्या बातमीला चित्र कुठलं लावता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात एका नव्या डायनासोरची बातमी आली होती. बातमी चांगली होती, सोप्या भाषेत होती, पण सोबतचं चित्र बघून मला राहवलं नाही. टी-रेक्स ताठ उभा, शेपटी जमिनीवर टेकलेली, दोन्ही पंजे सशासारखे पुढे लोंबतायत आणि डोक्यापासून नखापर्यंत एकच हिरवा रंग, पाठ आणि पोट यात काही फरकच नाही. त्याच्या पुढच्याच रविवारी पुरवणीत छंदांवर लेख होता आणि त्यात डायनासोरची मॉडेल्स जमवून रंगवणाऱ्या मोठ्या माणसांना एका ओळीत "खेळण्यांत रमणारे" म्हणून लेख पुढे गेला. मला वाईट वाटलं, कारण ते चित्र चुकलंय हे ज्यांनी पहिल्या नजरेत ओळखलं असेल त्यात हे खेळण्यांत रमणारे लोक नक्की असणार.

मी स्वतः अकरा वर्षं हे करतेय. सुरुवात अशीच झाली होती, एक तयार रंगवलेली फिगर आवडली म्हणून घेतली, मग दुसरी, मग वाटायला लागलं की ह्याचा रंग कारखान्यात घाईघाईत मारलाय, डोळा पापणीच्या बाहेर गेलाय, आपण नीट करून बघू. तिथून जे लागलं ते लागलं.

आधी स्केलबद्दल सांगते. खेळण्यांच्या डब्यात टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स आणि व्हेलोसिरॅप्टर सगळे एकाच मापाचे असतात. स्केल मॉडेलमध्ये तसं चालत नाही. १:४० म्हणजे खरा प्राणी मॉडेलच्या ४० पट. १२ मीटरचा टी-रेक्स ३० सेंटिमीटरचा होतो, २६ मीटरचा डिप्लोडोकस ६५ सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्यासाठी शेल्फ रिकामं करावं लागतं, आणि व्हेलोसिरॅप्टर, जो पडद्यावर माणसाएवढा दाखवतात, तो खरा शेपटी धरून साधारण २ मीटर आणि कमरेपाशी अर्धा मीटर उंच, म्हणजे १:४० मध्ये फक्त ५ सेंटिमीटर लांब आणि उंचीला सव्वा सेंटिमीटर. माणूस ठेवला तर तो सव्वाचार सेंटिमीटर भरतो. मी नेहमी एक माणूस बाजूला ठेवते, घरी येणारी मुलं आधी त्या माणसाकडे बघतात मग टी-रेक्सकडे आणि मग गप्प होतात.

आता तुमच्या चित्रातल्या शेपटीचं. शेपटी ओढत चालणारा प्राणी असता तर पावलांच्या ठशांमागे शेपटीची रेघ सापडायला हवी, आणि जगभर डायनासोरच्या पावलांच्या माळा सापडल्यात त्यात अशी रेघ क्वचितच असते. १९६९ साली जॉन ऑस्ट्रॉम ह्या जीवाश्मशास्त्रज्ञांनी डायनोनिकस ह्या मांसाहारी डायनासोरचं वर्णन छापलं, त्याच्या शेपटीत हाडांच्या लांब काड्या होत्या, शेपटी ताठ आणि हवेत धरलेली, पुढच्या धडाचा तोल सांभाळणारी. पंज्यांचंही तसंच, मांसाहारी डायनासोरचं मनगट तळवा जमिनीकडे वळवू शकत नव्हतं, दोन तळवे एकमेकांसमोर असायचे, टाळी वाजवायच्या आधी असतात तसे. मॉडेलमध्ये मात्र शेपटी बराच काळ खालीच राहिली आणि त्याला एक साधं कारणही आहे, दोन पायांवरची मूर्ती उभी राहत नाही, पडते, मग शेपटीचा तिसरा पाय केला की काम भागतं. आजसुद्धा कंपन्या ह्याच अडचणीशी झगडतात, कुणी पावलं मोठी करतं, कुणी खाली पारदर्शक काडी देतं, आणि पीव्हीसीची फिगर असेल तर काही उन्हाळ्यांनी घोटे वाकतात आणि टी-रेक्स नाकावर येतो. त्याला उपाय आहे, पाय कडकडीत गरम पाण्यात धरायचे, मऊ झाले की सरळ करायचे आणि लगेच थंड पाण्यात धरून ठेवायचे.

जुनी चुकीची मॉडेल्स मी टाकून देत नाही, त्यांचा वेगळा कप्पा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी इनव्हिक्टा कंपनीने १९७४ पासून जी एकरंगी प्लास्टिकची मॉडेल्स काढली ती, मग १९८८ साली सफारी कंपनीने कार्नेगी म्युझियमबरोबर सुरू केलेली १:४० ची मालिका, जी २०१५ मध्ये बंद झाली. ती ओळीने लावली की माणसांचं डायनासोरबद्दलचं मत कसं बदलत गेलं ते डोळ्यांसमोर दिसतं. स्पायनोसॉरस घ्या. १९१५ साली स्ट्रोमर ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, ती मूळ हाडं १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, मग कित्येक वर्षं मॉडेलवाल्यांनी टी-रेक्सच्या धडावर पाठीचं शीड चिकटवावं तसा तो केला, २०१४ मध्ये नवीन हाडांवरून मागचे पाय आखूड निघाले, २०२० मध्ये शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि उंच निघाली. माझ्याकडे तिन्ही काळातले स्पायनोसॉरस शेजारी शेजारी आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी चेहरा सोडून फारसा मेळ नाही.

ह्या सगळ्याचे मूळपुरुष म्हणजे लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसचे पुतळे. १८५४ साली बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी ते केले, डायनासोर हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिला त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. त्यातल्या इग्वानोडॉन ह्या शाकाहारी डायनासोरच्या नाकावर एक शिंग आहे. १८७८ साली बेल्जियममध्ये बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे बरेच सांगाडे सापडले आणि कळलं की ते शिंग नाकावरचं नव्हतंच, हाताच्या अंगठ्याचं टोक होतं. पुतळे अजून तसेच आहेत, नाकावर शिंग घेऊन, आणि ते तसेच ठेवलेत हे मला फार योग्य वाटतं, पण तिथे येणाऱ्याला हे पुतळे कधीचे आहेत ते माहीत असतं. तुमच्या चित्राखाली मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की आजचं ज्ञान हेच.

आणि रंग. रंगवायला बसलं ना की प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, चित्र नुसतं बघताना जे प्रश्न पडत नाहीत ते ब्रश हातात घेतल्यावर पडतात. पोट कुठून फिकं करायचं? पट्टे आडवे की उभे? पायाच्या आत ऊन पोचत नाही तिथे काय? लोक सहज म्हणतात की डायनासोरचा रंग कुणाला माहितेय, काहीही मारा. पूर्वी खरंच माहीत नव्हतं, पण २०१० मध्ये चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स ह्या छोट्या डायनासोरच्या जीवाश्मातल्या पिसांमध्ये रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या तपासल्या गेल्या. त्या लांबट असतील तर काळा-करडा रंग, गोल असतील तर तांबूस, असं आजच्या पक्ष्यांवरून ओळखता येतं. तो प्राणी तांबूस होता आणि त्याच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते. मायक्रोरॅप्टर हा पिसांचा छोटा डायनासोर २०१२ मध्ये काळा आणि तुकतुकीत निघाला, कावळ्याच्या पंखावर ऊन पडल्यावर जी निळसर झाक येते तशी. हे रंगवणं अवघड आहे, आधी पूर्ण काळा, तो वाळला की त्यावर निळसर मोतिया रंगाचा इतका पातळ हात की तिरकं धरल्याशिवाय दिसू नये. मी दोनदा सगळं काढून टाकून परत केलंय.

पण माझा सगळ्यात आवडता सिटाकोसॉरस, चोचीसारख्या तोंडाचा छोटा शाकाहारी डायनासोर, कारण त्याच्या बाबतीत मॉडेलनेच विज्ञानाचं काम केलं. फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग म्युझियममध्ये त्याचा एक जीवाश्म आहे, त्यात कातडीवरचे गडद-फिके भाग अजून दिसतात. २०१६ मध्ये संशोधकांनी रॉबर्ट निकल्स ह्या कलाकाराकडून त्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल करून घेतलं, नुसतं करड्या रंगाचं मॉडेल ब्रिस्टलच्या बोटॅनिक गार्डनमध्ये मोकळ्या आकाशाखाली आणि झाडांच्या सावलीत ठेवून फोटो काढले आणि अंगावर सावली कुठे पडते ते मोजलं. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकं असलं की ती सावली पुसली जाते आणि तो चटकन नजरेत येत नाही. जीवाश्मावरचा गडद-फिका भाग झाडाखालच्या विखुरलेल्या उजेडाशी जुळला, म्हणजे हा प्राणी दाट झाडीत राहत असावा. एका मॉडेलवरून प्राण्याचं घर कळलं! मोकळ्या जागी राहणाऱ्याची गडद-फिक्याची सीमा अंगावर वर आणि ठळक असते, झाडीत राहणाऱ्याची खाली आणि हळूहळू मिसळत जाणारी. तेव्हापासून मी कुठलाही डायनासोर हातात घेतला की आधी विचारते, हा उभा कुठे असायचा, आणि मग रंग कालवते.

कॅनडातल्या अल्बर्टाच्या खाणीत २०११ मध्ये सापडलेला बोरियालोपेल्टा असाच, साडेपाच मीटर लांब, सुमारे १३०० किलोचा, अंगभर चिलखत, आणि २०१७ मध्ये कळलं की तोसुद्धा वरून लालसर तपकिरी आणि खालून फिका होता. एवढ्या मोठ्या चिलखती प्राण्यालाही लपावं लागत होतं म्हणजे त्याला खाणारे केवढे असतील. हे तपकिरी रंगात पाणी घालताना माझ्या डोक्यात चालू असतं.

टी-रेक्सच्या रंगाचा असा पुरावा नाही, तिथे आम्ही अंदाजाने जातो. पण त्यालाही कुंपण आहे. त्याच्या कातडीचे जे ठसे मिळालेत त्यात खवले फार बारीक आहेत, काहीच मिलिमीटरचे, म्हणजे १:४० मध्ये ते डोळ्यांना दिसताच कामा नयेत, तरी बहुतेक फिगरवर मगरीसारखे जाड खवले कोरलेले असतात. मग मी काय करते, खाचांमध्ये पातळ गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा केलेला रंग, सोडला की वरून ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला फिका रंग, अगदी हलका ठेवते, दोन्हींत फरक जितका कमी तितके खवले मागे जातात आणि जनावर मोठं वाटायला लागतं. रंगही ट्यूबमधला जसाच्या तसा नाही लावत, थोडा फिका करून, कारण लांबून बघितलेल्या मोठ्या प्राण्याचा रंग हवेमुळे उतरलेला दिसतो. शेवटी मॅट वॉर्निश, आणि चमक फक्त डोळा, नाकपुडी आणि तोंडाच्या आत.

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की फिगर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातून काढताना लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर असतं, आणि मऊ पीव्हीसीवर कॅनमधला स्प्रे मारायच्या आधी पोटाखाली थोडा मारून बघा. मी माझ्या पहिल्या ट्रायसेराटॉप्सवर बिनधास्त मारला होता, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्याचं काही रंगांशी पटत नाही, तो कित्येक महिने चिकटच राहिला आणि त्याच्यावर धूळ बसली. ब्रशने लावायचा ॲक्रेलिक प्रायमर बरा. रेझिनचं किट असेल तर घासताना ओलं करून घासा आणि मास्क लावा, ती पूड छातीत जाऊ देऊ नका.

तर माझं म्हणणं असं आहे. पुढच्या वेळी डायनासोरची बातमी छापाल तेव्हा त्या संशोधनाबरोबर जे चित्र प्रसिद्ध होतं तेच वापरा, ते काढणाऱ्या कलाकाराने हाडं बघून, शास्त्रज्ञांशी बोलून काढलेलं असतं, आणि त्याचं नाव खाली द्या. शेजारी माणसाची आकृती द्या म्हणजे माप कळेल. आणि चित्राखाली एक ओळ, ह्यातलं काय सापडलंय आणि काय अंदाज आहे, उदाहरणार्थ "मागचा पाय आणि शेपटी सापडली, रंग कलाकाराच्या कल्पनेतला". जागा दोन बोटांची लागेल. जुनं चित्र छापायचंच असेल तर ते कुठल्या साली काढलं ते लिहा.

आणि पुरवणीत ह्या छंदाबद्दल परत कधी लिहिणार असाल तर रंगवणाऱ्यांनाच लिहायला सांगा. माझ्या टेबलावर सध्या सिटाकोसॉरस आहे, पाठ-पोट झालंय, शेपटीवरचे राठ केस एकेक करून लावायचे राहिलेत. ते झाले की नैसर्गिक उजेडात, बाजूला मोजपट्टी आणि तो सव्वाचार सेंटिमीटरचा माणूस ठेवून फोटो काढते आणि तुमच्याकडे पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक