त्या कॉमिक्समधले आईबाप

राजा,

परवा फोनवर तू विचारलंस की आई तुला त्या कॉमिक्समधलं सगळ्यात जास्त कोण आवडलं, आणि मी काहीतरीच उत्तर दिलं कारण कुकर लावला होता, पप्पांची बातम्यांची वेळ होती, आणि हे असं घाईत सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून लिहितेय.

मला त्यातले आईबाप बघायचे असतात. तू टॅबमध्ये भरून दिलेली ती सगळी कॉमिक्स, गे सुपरहिरो, लेस्बियन सुपरहिरो, ट्रान्स सुपरहिरो, मी वाचतेय, हळूहळू पण मनापासून वाचतेय. मारामारीची पानं भराभर पुढे ढकलते, कोणाच्या हातातून आग निघते नि कोण भिंत फोडतो त्यात मला रस नाही, पण कुठे घरातलं टेबल आलं, आई आली, बाप आला की मी थांबते. तुम्ही मुलं त्यात तुमची चोझन फॅमिली शोधता ना, स्वतः निवडलेली माणसं, तशी मी त्या माणसांत आईबापांना कुठे जागा आहे का ते बघत असते.

नॉर्थस्टारचंच घे. कॅनडाच्या सुपरहिरोंची ती टीम, अल्फा फ्लाइट, त्यातला प्रचंड वेगाने उडणारा. १९७९ पासून तो मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये होता, तो गे आहे हे त्याला घडवणाऱ्या जॉन बर्नच्या डोक्यात फार आधीपासून होतं पण उघड लिहिता येत नव्हतं. १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स कंपन्यांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली होती, कॉमिक्स कोड, त्यात असल्या गोष्टीचा सुगावासुद्धा चालत नव्हता. त्याच वर्षी तिकडच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून बॅटमन आणि रॉबिनच्या एकत्र राहण्यावर बोट ठेवलं होतं. तो नियम १९८९ मध्ये सैल झाला आणि १९९२ मध्ये नॉर्थस्टार एकदाचा बोलला.

पण तो अंक त्याच्यापेक्षा त्या म्हाताऱ्यामुळे माझ्या डोक्यात बसलाय. नॉर्थस्टारला कचऱ्यात टाकलेलं एक तान्हं बाळ सापडतं, त्या बाळाला एड्स आहे, तो तिला आपली मुलगी म्हणून घेतो, आणि सगळा देश त्या बाळासाठी हळहळतो. तेव्हा मेजर मेपललीफ म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक जुना हिरो संतापून दवाखान्यात येतो, त्या बाळाच्याच जिवावर उठतो. कारण त्याचा मुलगा गे होता, एड्सनेच गेला, आणि त्याच्यासाठी कोणी हळहळलं नव्हतं. त्या भांडणात नॉर्थस्टार सांगतो की मी गे आहे. लोकांना ते वाक्य लक्षात राहिलं, बरोबरच आहे, पण मला तो बाप दिसत राहिला. मुलाचं दुःख करायलाही ज्याला कोणी सोबत नव्हतं असा बाप.

मी तेव्हा मेल मेडिकल वॉर्डला होते हे तुला माहितीये. नव्वदच्या त्या वर्षांत अशी पोरं यायची आमच्याकडे, कोपऱ्यातला बेड मिळायचा, 'तसला पेशंट' म्हणायचे, नाव घ्यायचे नाहीत. घरचं कोणी यायचं नाही, आलंच तर दारातून बघून जायचं. आणि एक कोणीतरी असायचा जो रोज यायचा, डबा आणायचा, अंग पुसायचा, सलाइन संपत आलं की मला उठवायला यायचा, आणि सहीची वेळ आली की त्याला विचारायचे पेशंटचे तुम्ही कोण. 'नातं' या रकान्यात तो मित्र सांगायचा आणि मित्र चालायचा नाही. बॉडी मात्र गावाहून कधी न फिरकलेला चुलता येऊन घेऊन जायचा. एकदा एक हिजडा गुरू आपल्या चेल्याला घेऊन आली होती, केसपेपर काढताना तिने नात्यात 'आई' सांगितलं तर खिडकीतला माणूस हसला. पण रात्रभर त्या पोरीच्या डोक्यावर पट्ट्या ठेवत तीच बसली होती, मी बघितलंय. त्यामुळे चोझन फॅमिली ही अमेरिकेतून आलेली फॅशन आहे असं कोणी माझ्यासमोर म्हणू नये, आपल्याकडे गुरू-चेल्यांची घरं कितीतरी पिढ्या चालत आलीत, त्यात आई आहे, मावशी आहे, आजी आहे, फक्त आपण त्यांना घर म्हटलं नाही.

आता कॅरोलिना. रनअवेज, २००३ मधलं, ब्रायन वॉन आणि एड्रियन अल्फोना यांचं. लॉस एंजेलिसमधली पोरं, एका रात्री त्यांना कळतं की आपले आईबाप एकत्र जमून माणसं मारतात, आणि सगळी घर सोडून पळतात, मग तीच एकमेकांचं घर होतात. त्यातली कॅरोलिना, तिच्या हातात लहानपणापासून मेडिकल अलर्टचं ब्रेसलेट असतं. आपल्याकडे कोणी फारसं घालत नाही ते, पण तिकडे पेशंट बेशुद्ध पडला तर डॉक्टरला ॲलर्जी वगैरे कळावी म्हणून घालतात. ती ते काढते आणि तिचं सगळं अंग रंगांनी उजळतं, ती तरंगायला लागते. म्हणजे तिला आजार काही नव्हताच रे, तिचा उजेड दाबून ठेवायला आईबापांनी ते घातलं होतं. नर्स म्हणून मला याचा फार राग आला. औषधोपचाराच्या नावाखाली मुलांचं असं करणारे लोक खरंच आहेत, आजही आहेत, कोणी गोळ्या देतं कोणी बाबाकडे नेतं. पुढे ती एका मैत्रिणीच्या, निकोच्या प्रेमात पडते, निको आधी नाही म्हणते आणि कितीतरी वर्षांनी, नव्या मालिकेत, दोघी एकत्र येतात. मला बरं वाटलं.

२००३ मध्येच एक्स मेनचा दुसरा सिनेमा आला होता, जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेल्या म्युटंट माणसांचा. त्यात बॉबी म्हणून असाच एक मुलगा असतो, त्याची आई त्याला विचारते, तू म्युटंट नसण्याचा प्रयत्न करून बघितलास का? थिएटरमध्ये किती पोरांना तो प्रश्न आपल्याच घरातला वाटला असेल. कॉमिक्समधला बॉबी स्वतः गे आहे हे २०१५ मध्ये आलं.

पण तुला खरं उत्तर हवंय ना, मला कॅप्लान आवडले. यंग अॅव्हेंजर्समधल्या बिलीचे आईबाप. २००५ चं ते, अॅलन हाइनबर्ग आणि जिम चंग यांचं. बिली आणि टेडी ठरवतात की घरी सांगून टाकायचं आपण सुपरहिरो आहोत, आणि आईबापांना वाटतं ही दोघं आपल्या प्रेमाबद्दल सांगतायत, त्यांना ते आधीच कळलेलं असतं आणि ते टेडीला सरळ घरातलाच करून टाकतात. ही पोरं जे सांगायला आलेली ते राहूनच जातं. मला ते पान इतकं आवडलं की शेजारच्या काकूंनापण दाखवलं.

आणि टेडी बघ. ज्या बाईला तो आई म्हणत होता ती त्याला सांभाळायला ठेवलेली परग्रहावरची दाई निघते, खरे आईबाप दोन वेगळ्या ग्रहांवरचे, पण तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि त्याला वाचवताना मेली. मग कॅप्लान त्याला आपल्या घरी आणतात. बिलीचंही तसंच, त्याचा आत्मा म्हणे स्कार्लेट विच या जादूगार सुपरहिरोच्या मुलाचा. या पोरांच्या जन्माचा गुंता इतका आहे की रक्ताचं नातं धरून बसलं तर एकाचंही घर लागणार नाही, ज्याने ताट वाढलं तोच बाप आणि जी रात्री दाराकडे डोळे लावून बसली तीच आई. सुपरहिरोंच्या गोष्टीत आईबाप बहुतेक पहिल्या पानावर मारून टाकतात, लेखकाला ते सोपं पडत असेल, म्हणून मला कॅप्लानांचं कौतुक. ते जिवंत राहतात, काळजी करतात, चुकीच्या वेळी खोलीत येतात.

त्याचाच पुढचा भाग, २०१३ चा किरॉन गिलन आणि जेमी मॅकेल्व्हीचा, तू सांगितलं होतंस की आई हा जरा जपून वाच. वाचला मी. टेडीला त्याची गेलेली आई मिळावी म्हणून बिली जादू करतो आणि येते ती कोणी दुसरीच, आईचं रूप घेतलेली, आणि तिचं नावच मदर. मग एकेक करून सगळे मोठे लोक तिच्या ताब्यात जातात, आईबापांच्या जवळ गेलं की मुलं सापडतात, म्हणून मुलांना घरापासून लांब पळत राहावं लागतं. ती राक्षसासारखी ओरडत नाही रे. गोड बोलते, मायेने बोलते आणि कोंडते. मी दुपारी ते वाचलं आणि बराच वेळ काही सुचेना, कारण ती जे करते ते आपल्या इकडे किती घरांत चालतं, मुलीचा फोन काढून घेतात, बाहेरून कडी लावतात, स्थळं बघतात, आणि विचारलं तर म्हणतात आम्ही तिच्या भल्यासाठीच करतोय. मुलांनी हे सहज ओळखावं म्हणून त्या लेखकाने त्या बाईला आईचा चेहरा दिला असेल. मला ते पटलं. आईच्या नावाखाली काय काय चालतं ते आईनेही वाचायला हवं.

२०२५ च्या मे महिन्यात, मद्रास हायकोर्टात अशीच केस आली होती, मुलीला घरच्यांनी अडकवून ठेवलेलं आणि तिच्या मैत्रिणीने कोर्टाचं दार ठोठावलं. कोर्टाने मुलीला मोकळं केलं, आणि निकालात लिहिलं की कुटुंब काय फक्त लग्नानेच होत नाही, चोझन फॅमिली ही कल्पना मान्य झालेली आहे. त्यात त्यांनी लीला सेठ यांची आठवण काढली, एखाद्या राज्याच्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झालेल्या, विक्रम सेठ यांच्या आई, ज्या आपल्या मुलाच्या बाजूने जाहीर बोलल्या. प्रत्येक आई काही तशी नसते असं कोर्ट म्हणालं. खरंय. पण होता येतं.

मिस्टिक आणि डेस्टिनीबद्दल पण लिहायचं होतं. दोघी एक्स मेनमधल्या खलनायिका, मिस्टिक १९७८ पासूनची, डेस्टिनी १९८१ पासूनची, घरातून पळालेल्या रोगला त्यांनी मुलगी म्हणून वाढवलं, जिचा हात लागला तर माणूस कोसळतो अशी ती पोरगी, तिला कुशीत घेणं किती अवघड असेल. त्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या क्रिस क्लेअरमाँटच्या मनात त्या दोघी जोडपंच होत्या पण कागदावर मैत्रिणी. नाइटक्रॉलर हा एक्स मेनमधला हिरो त्या दोघींचं मूल आहे हे छापून यायला २०२३ उजाडलं. वाचणाऱ्यांना मात्र आधीच कळलं होतं, एका घरात दोन बायका आणि एक मुलगी, त्यात न कळण्यासारखं काय आहे.

पप्पांना मी बॅटवुमनचं वाचून दाखवलं, ते स्वतः काही वाचत नाहीत तुला माहितीये, पण ही फौजेची गोष्ट म्हटल्यावर टीव्ही म्यूट केला. केट केन, म्हणजे पुढे बॅटवुमन होते ती, वेस्ट पॉइंटला, मिलिटरी अकॅडमीत असते, तिचं एका मुलीवर प्रेम आहे असा रिपोर्ट जातो. तेव्हा तिकडे फौजेत गे, लेस्बियन असल्याचं विचारू नका सांगू नका असा कायदाच होता, २०११ मध्ये गेला तो. वरिष्ठ तिला सुटायची वाट देतात, खोटं आहे म्हण, विषय मिटला. ती म्हणत नाही, कारण कॅडेटने खोटं बोलायचं नाही ही शपथ घेतलेली असते, आणि करिअर सोडून घरी येते. बाप कर्नल. तो म्हणतो तू इमान राखलंस, मला अभिमान आहे. पप्पा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पोरगी खोटं बोलली नाही ना, मग अकॅडमीने तिला घालवायचं कारण काय. आणि मग म्हणाले, त्याला फोन लाव. तोच तो फोन ज्यात त्यांनी तुला नुसतं पावसाचं विचारलं. तुला कळलं असेल असं समजून मी तेव्हा काही बोलले नाही, आता सांगते.

आता माझं म्हणणं. तुला तिकडे ताप आला होता तेव्हा ती केरळची मुलगी रात्रभर जागली, घरमालकाने त्रास दिला तेव्हा तुमच्यातला तो उंच मुलगा तुझं सामान घेऊन हिंडला, तुझा तो, ज्याचं नाव तू हल्ली न अडखळता घेतोस, तो तर आहेच. ही तू निवडलेली माणसं. मग ती माझी कोण? मुलाने लग्न केलं की त्याच्या सासरची माणसं आपली सोयरी होतात ना, मांडवात मानपान होतो, आहेर होतो. यांचा मान कोणी केला? मला त्यांचं सोयरेपण हवंय. तुझ्या त्या घरात आम्हाला पाहुणे म्हणून बोलवा असं नाही म्हणत मी, टेडीला कॅप्लानांनी जसं धरलं तसं मला त्या सगळ्यांना धरायचंय.

आणि एक कामाचं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये तुमच्यासारख्या जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही तो नाहीच. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने स्पष्ट केलं की जॉइंट अकाउंट उघडता येतं, पार्टनरला नॉमिनी करता येतं, आणि आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर पार्टनरला बॉडी ताब्यात घेता यावी. हे वाचून मला वॉर्डातला तो डबा आणणारा आठवला, त्याला फार उशीर झाला. तू उशीर करू नकोस. बँकेचं करून घे. लिव्हिंग विल पण कर, म्हणजे आपण बोलू शकत नसलो तर कुठले उपचार करायचे नि कुठले थांबवायचे ते आधीच लिहून ठेवायचं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो, त्यात तुझ्या वतीने ठरवणारा कोण ते लिहिता येतं. त्याचं नाव घाल, माझं पण घाल, दोघांनी मिळून ठरवू. मला यात अभद्र काही वाटत नाही, आयुष्य दवाखान्यात गेलंय माझं.

त्या तिघांचे नंबर पाठव, माझा आणि पप्पांचा त्यांना दे, रात्री-अपरात्री कधीही लावा म्हणावं. गणपतीला सगळे या, रिझर्व्हेशन आत्ताच बघ नाहीतर मिरजेच्या गाड्या फुल होतात. केरळच्या पोरीला मासे लागतात ना, विसर्जन झालं की करीन.

आई