उसाला जाणाऱ्या ३२ लेकरांना यंदा गावातच ठेवायचंय, त्यासाठी मदतीचं आवाहन

राम राम मंडळी,

शाळा व्यवस्थापन समितीकडून लिहितोय. समितीचा अध्यक्ष म्हणून लिहायला बसलो खरं, पण अर्धं बाप म्हणूनच लिहिलं जाणार हे आधीच सांगतो. माझी दोन लेकरं आपल्या ह्याच जिल्हा परिषद शाळेत आहेत. मी पण इथलाच. चौथीत असताना दिवाळी करून माय-बापासंगं उसाला, म्हणजे ऊसतोडीला, गेलो आणि गुढीपाडव्याच्या पुढं परत आलो, तोवर वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकात घुसला होता. मी अजून अपूर्णांकात कच्चाय. मुकादमाचं (मजुरांची टोळी नेणाऱ्याचं) कमिशन किती बसतं ते आजबी मोबाईलवर काढतो.

हा मेसेज गावातल्यांसाठी आहेच, पण चाकण, भोसरी, वाळूज, मुंबई जिथं कुठं आपली पोरं कामाला गेलीत त्यांच्यासाठी जास्त आहे. थोडा लांबलाय, पण पूर्ण वाचा, कारण मागच्या वेळी अर्धा वाचून लोकांनी जुने कपडे पाठवले होते.

शाळेचं आधी सांगतो. पहिली ते पाचवी, पट ५८, शिक्षक दोन. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळं तक्रार करून उपयोग नाही, पण पाच वर्ग आणि दोन माणसं म्हणजे काय ते एकदा येऊन बघा. पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत मॅडमकडं, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत गुरुजींकडं, आणि तालुक्याला मीटिंग लागली की सगळी ५८ पोरं एकाच माणसाच्या अंगावर. वरून वर्षाला शाळेला जे अनुदान येतं ते आपल्या पटाला २५ हजार. त्यात खडू, रजिस्टर, लाईटबिल, नळाची तोटी, फुटलेला पत्रा सगळं बसवायचं.

तरी शाळा चाललीय, आणि चांगली चाललीय. सकाळी परिपाठाला पोरं स्वतः बातम्या सांगतात, त्यात गावातल्या पण असतात, कुणाची म्हैस व्याली ते सुद्धा माईकवर येतं (माईक म्हणजे पाण्याची बाटली). दुपारच्या खिचडीत परसबागेतला शेवगा, मेथी पडते. परसबाग चौथीच्या पोरींनी केलीय, हातपंपाचं वाया जाणारं पाणी नाली काढून तिकडं वळवलंय, ही आयडिया कुणा मोठ्या माणसाची नाही. एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, त्याला दाराजवळ बसवते आणि पाढे म्हणते, आता त्या पोराला शाळेत नाव घालायच्या आधीच सातपर्यंत पाढे येतात.

गुरुजींनी एकदा पाचवीला गणित घातलं, एक कोयता (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) दिवसाला दोन टन ऊस तोडतो, टनाला साडेतीनशे धरा, तर महिन्याचे किती झाले. सगळ्यांनी गुणून २१ हजार काढले. एकजण मात्र हात वर करून म्हणतो, गुरुजी गणितच चुकलंय, रोज दोन टन होत नाही, गाडी उशिरा आली तर तोडलेला ऊस पडून राहतो आणि त्या दिवशी मोळ्या पण बांधता येत नाहीत, पुन्हा तुम्ही उचल (मुकादमाकडनं आधीच घेतलेले पैसे) वजा केलीच नाही. गुरुजींनी मला हे हसत हसत सांगितलं, मला काय हसू आलं नाही. दहा वर्षाच्या पोराला उचल कळती म्हणजे त्यानं ती घरात रात्री ऐकलेली असती. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलं झालं, पण उचल फिटेपर्यंत कोयता काय सुटत नाही हे बालाघाटावर कुणाला सांगायला नको.

आता मुद्दा. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखांनी माणसं उसाला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. आपल्या गावातून निम्म्याच्या वर घरं जातात. दिवाळी झाली की चार-आठ दिवसात ट्रॅक्टर लागतात आणि त्यात भांडी, पीठ, शेळी, कोंबड्या आणि शाळेतली लेकरं बसतात. ५८ मधली ३२ लेकरं ऊसतोडीच्या घरची आहेत. तिकडं गेल्यावर काही कारखान्यांवर पूर्वी साखरशाळा असायच्या, आता शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवून जवळच्या शाळेत बसायचं. कागदावर बरोबर आहे सगळं. पण टोळी आज ह्या फडात (उसाच्या रानात), आठवड्यानं पंधरा किलोमीटर पुढं, आणि पहाटे तीन-चारला माय-बाप फडात गेल्यावर कोपीवर (झोपडीवर) धाकटं कोण सांभाळणार, तर हेच कार्डवालं लेकरू.

आणि सगळ्यात वाईट काय, तर ज्या परीक्षांनी लेकराचं नशीब फिरू शकतं त्या सगळ्या नेमक्या हंगामातच येतात. नवोदयची (केंद्र सरकारच्या निवासी शाळेची) परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. शिष्यवृत्ती फेब्रुवारीत. खेळाच्या स्पर्धा पण त्याच थंडीत. म्हणजे आपलं लेकरू हुशार असून उपयोग नाही, परीक्षेच्या दिवशी ते कागल नाहीतर बेळगावकडच्या कुठल्यातरी फडात वाढे (उसाचे शेंडे) गोळा करत असतं. कुणी मुद्दाम केलंय असं नाही, पण वेळापत्रक करणाऱ्याच्या घरात कोयता नसतो एवढं खरं.

तीन वर्षांमागं आपल्या पोरी खो-खोत तालुक्याला पहिल्या आल्या. अनवाणी खेळून. अख्ख्या गावानं गुलाल उधळला. जिल्ह्याची स्पर्धा लागली तोवर टीममधल्या चार पोरी उसाला गेलेल्या. मॅडमनी तिसरीच्या पोरी भरून टीम नेली, पहिल्याच मॅचला बाहेर. परत येताना टेम्पोत एक पोरगी म्हणली, आपण हरलो नाही, आपल्यातल्या चारजणी आल्याच नव्हत्या. ते ऐकून समितीत पहिल्यांदा सिरियसली बोलणं झालं.

मग मागच्या वर्षी आपण करून बघितलं. लेकरं गावात ठेवायची, रात्री आजी-आजोबांकडं झोपायची, ज्यांचं कुणी नाही ती शाळेच्या खोलीत, आणि रात्रीचं जेवण शाळेत. झोपायची अडचण नव्हती हो, अडचण जेवणाचीच होती. आजीला दिसत नाही, गुडघे गेलेत, ती स्वतः सकाळची भाकर संध्याकाळी पाण्यात भिजवून खाती, ती तीन नातवंडांच्या भाकरी कुठून थापणार. दुपारी शाळेत खिचडी मिळती, रात्रीचं काय, ह्या एका प्रश्नावर लोकं लेकरं सोबत नेतात. आम्ही घरोघरी फिरलो, तरी भरवसा ठेवून १९ लेकरंच मागं ठेवली.

त्या १९ मधली एक पोरगी नवोदयला लागली. अख्ख्या जिल्ह्यातून ८० जागा असतात, त्यातली एक आपल्या पत्र्याच्या शाळेत आली. दोन पोरं शिष्यवृत्तीच्या यादीत आली. बाकीच्या १६ जणांचं काय म्हणाल, तर ती गुढीपाडव्याला वाचत होती, आणि जी उसाला जाऊन आली त्यातल्या दोघांना जोडाक्षरं परत शिकवावी लागली. मला तर नवोदयपेक्षा हेच जास्त मोठं वाटतं, पण पेपरात नवोदयचंच येतं.

नवोदयचा निकाल लागला तेव्हा माय-बाप फडातच होते. गुरुजींनी फोन लावला, तीनदा लागला नाही, चौथ्यांदा मायनं उचलला, मागून ट्रॅक्टरचा आवाज. गुरुजी ओरडून सांगतायत, पोरगी लागली, बारावीपर्यंत शाळा, राहणं, कपडे, पुस्तकं सगळं फुकट. तिकडून जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "गुरुजी, तिथं रातचं जेवाय देत्यात ना?" गुरुजी म्हणले देतात, चारी ठाव देतात. तर म्हणली मग पाठवा, आणि फोन ठेवला, कारण गाडी भरायची होती.

यंदा काय झालं, ३२ च्या ३२ घरांनी स्वतःहून लेकरं ठेवतो म्हणून सांगितलं. आम्हाला वाटलं होतं पाया पडावं लागंल. म्हणजे आता अडलंय ते फक्त पैशावर.

हिशोब सरळ लिहितो, कुणाला शंका नको. रात्रीचं जेवण एका लेकराला दिवसाला ३० रुपये धरलंय, ज्वारीची भाकर, डाळ किंवा उसळ, भाजी, आठवड्यातून दोनदा अंडी, गॅससकट. महिन्याचे ९००. ३२ लेकरं, १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पाच महिने, झाले १ लाख ४४ हजार. स्वयंपाक करणाऱ्या दोन बायका, महिन्याला प्रत्येकी ३ हजार, पाच महिन्याचे ३० हजार (कमी आहेत, त्यांनाबी माहितीय, आम्हालाबी, पण त्या गावच्याच आहेत आणि दोघींची नातवंडं ह्याच पंगतीत आहेत). ब्लँकेट ३२, साडेतीनशेला एक, ११ हजार २००. सराव पेपर, वह्या आणि लाईट गेल्यावर अभ्यासाला चार्जिंगचे बल्ब १२ हजार. सगळे मिळून १ लाख ९७ हजार २००. गावातून आणि समितीकडं मिळून ५८ हजार जमलेत. राहिले १ लाख ३९ हजार २००.

आता कुणीतरी विचारणारच की हंगामी वसतिगृहाला सरकार पैसे देतं, मग हे कशाला. देतं, आपण प्रस्ताव यंदाबी दिलाय. पण अनुदान मागून येतं आणि भूक रोज सातला लागती. मागच्या वर्षी किराणा दुकानात उधारी इतकी झाली की मी दुकानापुढून जायचं सोडून मागच्या बोळातून जायचो, शेवटी दुकानदारच घरी आला, उधारी मागायला नाही, तेल संपलं असंल म्हणून डबा घेऊन. त्याची बाकी दिवाळीआधी फेडली. यंदा अनुदान वेळेत आलं तर तुमचे जे पैसे उरतील ते पुढच्या हंगामाला ठेवू, मोडणार नाही. तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं झालीत, मोठ्या पोरांना ती चांगली आहेत, पण पहिली-दुसरीचं लेकरू कोण तालुक्याला ठेवणार.

कशी मदत करायची तर ९०० रुपयात एका लेकराचं एक महिना रात्रीचं जेवण होतं, साडेचार हजारात पूर्ण हंगाम. एवढं जमत नसंल तर ३० रुपये टाका, एका रात्रीची सोय होती, लाजायचं कारण नाही, मागच्या वर्षी एका पोरानं हमालीतून दर शनिवारी ३० टाकले आणि सगळ्यात नियमित तोच होता. खातं शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाचंय, माझी आणि मुख्याध्यापकांची दोघांची सही लागती, नंबर ग्रुपवर वर पिन केलाय. दुसऱ्या कुणाच्या नंबरवर पाठवू नका, माझ्याबी नाही. ८०जी ची (इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी) पावती आमच्याकडं मिळत नाही हे आधीच सांगतो, साधी पावती मिळंल, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्चाच्या वहीचा फोटो ग्रुपवर पडंल, त्यात कांद्यापासून सगळं लिहिलेलं असतं.

धान्य द्यायचं असंल तर ज्वारी, तूर, मूग चालंल, निवडलेलं द्या. गावातल्यांनी एक पायली दिली तरी खूप. जुने कपडे नकोत, खरंच नकोत. दप्तरं पण नकोत, मागं एकांनी फोटो छापून चाळीस दप्तरं दिली होती, महिन्यात चेन गेल्या आणि फोटो तेवढा राहिला. वाढदिवसाचा केक पण नको, त्या पैशात अंडी आणा.

पैसे नाहीत पण वेळ आहे अशांसाठी पण काम आहे. संध्याकाळी पाच ते सात अभ्यासिका असती. शिष्यवृत्तीचं गणित आणि बुद्धिमत्ता घ्यायला एखादा शिकलेला पोरगा-पोरगी आठवड्यातून दोन दिवस आली तरी गुरुजींना श्वास मिळंल. पुण्यातून रविवारी व्हिडिओ कॉलवर घेतलं तरी चालंल, रेंज शाळेच्या मागच्या लिंबाखाली येती, पोरं तिथं बसवू. रात्री शाळेत झोपणाऱ्या सात लेकरांसोबत मुक्कामाला आळीपाळीनं दोन माणसं लागतात, त्याची यादी मारुतीच्या देवळात लावलीय, त्यात अजून अकरा दिवस रिकामे आहेत, नावं टाका. आणि घरी आजी-आजोबा असलेल्या लेकरांची आठवड्यातून एकदा चौकशी करायची जबाबदारी समितीतल्या बायकांनी घेतलीय, त्यांना कुणी फिरताना अडवून राजकारण विचारू नका.

ट्रॅक्टर दिवाळीच्या पाडव्यानंतर लागतील असं मुकादमांनी सांगितलंय. त्याआधी निदान पहिल्या दोन महिन्यांचं धान्य आणि ब्लँकेट शाळेत येऊन पडलं पाहिजे, म्हणजे माय-बाप डोळ्यांनी बघून गाडीत बसतील. म्हणून धनत्रयोदशीपर्यंत जेवढं जमंल तेवढं पाठवा, उरलेलं नंतर चालंल.

कुणाला येऊन बघायचं असंल तर १५ नोव्हेंबरनंतर कधीही संध्याकाळी सातला या, फोन करायची गरज नाही, पंगत तेव्हाच बसती. जेवूनच जावं लागंल. फक्त येताना ताट घरून आणा, शाळेत ताटं मोजून पस्तीस आहेत.

– अध्यक्ष व सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती