बायरॅड्स ३ म्हणजे थर्ड स्टेज नव्हे

मा. संपादक,
स. न.

यंदा रोप लावणीच्या गडबडीत माझ्या धाकट्या जावेला (वय ४२) अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, पण लावणी उरकेपर्यंत तिनं घरात कुणाला सांगितलंच नाही. येळ्ळूरच्या शिवारात आषाढात बायकांना स्वतःचं दुखणं सांगायला सवड असते कुठं. कळल्यावर मीच तिला बेळगावला घेऊन गेले.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या आधी तिथल्या बाईंनी काखेतली पावडर ओल्या कापडानं पुसायला लावली, कारण पावडरचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि तसले बारीक ठिपके कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात. मग दोन प्लेटांमध्ये दाबून प्रत्येक बाजूचे दोन असे चार फोटो काढले, दुखतंय हे खरं, पण काही सेकंदच. तरी गाठ नीट दिसेना. स्तन डेन्स, म्हणजे आतून दाट असला की तो दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरीच दिसते म्हणे, म्हणून लगेच सोनोग्राफी केली, त्यात गाठ पाण्याची आहे का भरीव ते कळतं. म्हणूनच मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी हाताला लागणारी गाठ तशीच सोडून द्यायची नसते.

रिपोर्ट हातात पडला तो सगळा इंग्रजीत, खाली ‘बायरॅड्स ३’. पुतण्यानं वाचलं आणि म्हणाला थर्ड स्टेज आहे. झालं, दोन दिवस घरात चूल पेटली ती फक्त पोरांसाठी, जाऊ तर पोरीच्या लग्नाचे दागिने माझ्याकडे द्यायला निघाली होती. डॉक्टरांची वेळ मिळाली तिसऱ्या दिवशी, तेव्हा कळलं की तो स्टेजचा आकडा नव्हेच. फोटोत काय दिसलं ते सांगायची ती ० ते ६ अशी पट्टी आहे, अमेरिकेतल्या रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेनं ठरवलेली. ३ म्हणजे गाठ बहुतेक साधी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी परत बघायचं. ४ किंवा ५ आलं तर सुईनं तुकडा काढून बायोप्सी करायला सांगतात. स्टेज ठरते ती कॅन्सर पक्का झाल्यावरच.

आणि याच्या उलटं जास्त वाईट. आमच्या ओळखीतल्या एका मावशींच्या रिपोर्टवर ० होता, झिरो म्हणजे काहीच नाही असं समजून त्या चार महिने घरी बसल्या. ० म्हणजे तपासणी अपुरी, अजून फोटो पाहिजेत किंवा जुने फोटो जुळवून बघायला पाहिजेत! हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सगळ्या तपासणी केंद्रांना माझी कळकळीची विनंती आहे, रिपोर्टच्या खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोनच ओळी लिहा, आकड्याचा अर्थ काय आणि पुढं कधी यायचं. भाषेच्या वादात मला पडायचं नाही, बाईला तिच्या अंगाबद्दल तिला कळेल असं सांगा एवढंच म्हणणं आहे. आणि बायांनो, जुन्या फिल्म टाकून देऊ नका, पुढच्या वेळी गाठ वाढली का तेवढीच आहे हे त्यावरूनच ठरतं. जावेच्या फिल्म मी कपाटात साड्यांखाली सपाट ठेवल्यात, संक्रांत झाली की त्या घेऊन परत बेळगावला जायचं आहे.

आपली,
एक वाचक, येळ्ळूर (ता. बेळगाव)