शेजारच्या स्टॉलवरच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत तुमचा सांडगे-पापडांचा स्टॉल आणि माझा गोधड्यांचा, मध्ये फक्त एक कनात. जत्राभर तुम्ही मला 'वाकळवाली' म्हणत होता आणि मी तुम्हाला मावशी. शेवटच्या रात्री टेम्पो भरायच्या गडबडीत नाव, नंबर काहीच घ्यायचं राहिलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणाला यात तुमची ओळख पटली, तर त्यांनी तुम्हाला ते वाचून दाखवावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंनी माझी ९०० रुपयांची गोधडी ७०० ला मागितली. मी 'घ्या' म्हणणारच होते, तेवढ्यात कनातीपलीकडून तुमचा आवाज आला, "थांब गं. किती तास शिवलीस ती?"

मला सांगता येईना. तुम्ही पापडाच्या पिशवीचं कोरं लेबल घेतलंत आणि पेन्सिलीने मांडायला बसलात. बोहारणीकडून घेतलेल्या चार सुती साड्या ३२०, वरचं कापड २००, दोरा १००. उरले २८०. मग कामाचा हिशेब. साड्या धुवायच्या, इस्त्री करून थर लावायचे, कच्चे टाके घालायचे आणि मग कडेपासून धावदोरा धरून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत यायचं. रोज अडीच तास, असे वीस दिवस. ५० तास. म्हणजे तासाला साडेपाच रुपये.

तो आकडा बघून मी किती तरी वेळ गप्प बसले. गोधडी शिवायला मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांनी लेकीसुनांना, नातवंडांना शिवून दिल्या. घरच्या माणसाला पांघरूण शिवताना तास कोण मोजतं? विकायला काढल्यावरही माझी तीच सवय राहिली होती. कापडाचे पैसे सुटले की झालं, असं वाटायचं. माझे हात त्या हिशेबात कुठेच नव्हते. तुम्ही ते पहिल्यांदा धरलेत. ताशी ४० रुपये, वर सामान आणि गाडीभाडं, मिळून २८०० रुपये.

त्या बाई निघून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही माझी एकही गोधडी गेली नाही. मी परत ९०० ची पाटी लावायला निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "किंमत उतरवू नको, वस्तू लहान कर." आज उरलेल्या तुकड्यांची दुपटी मी ६०० ला देते. कमी पैशांतलं गिऱ्हाईक परत जात नाही आणि मोठ्या गोधडीचा भाव मोडत नाही. ही एवढी गोष्ट मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.

शेवटच्या दिवशी तुम्ही तुमच्याकडे पापड घ्यायला आलेल्या एका ताईंचा हात धरून त्यांना माझ्याकडे आणलंत. त्यांच्या आईच्या पाच साड्या वर्षभर ट्रंकेत पडून होत्या. टाकवत नव्हत्या, नेसवतही नव्हत्या. त्यांची गोधडी मी शिवली, पदर मधोमध ठेवून. गोधडी मिळाल्यावर त्यांचा फोन आला आणि त्यांना बोलताच येईना. आता माझं निम्म्याहून जास्त काम अशाच साड्यांचं असतं. साडी गिऱ्हाइकाची, मोल फक्त शिवणीचं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे आपल्यासारख्या लहान धंद्याची सरकारकडची नोंद! एक एजंट माझ्याकडे त्याचे १५०० मागत होता. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर फुकट होते, हे तुम्ही सांगितलंत. गावी येऊन भाचीच्या मोबाइलवर आम्ही ती एका दुपारीत केली.

आता माझ्यासोबत चौघीजणी शिवतात. प्रत्येकीची स्वतःची वही आहे, बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची. पहिल्यांदा वहीवरून पैसे वाटले, तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी तीनदा विचारलं, "हे टाक्याचे का कापडाचे?" टाक्याचे, असं सांगितल्यावर त्यांनी नोटा कपाळाला लावल्या. मावशी, त्या क्षणी तुम्ही तिथे हव्या होता.

पुण्याच्या थंडीत तुमचे गुडघे धरायचे, तुम्ही शाल गुंडाळून बसायचात. तुमच्यासाठी एक गोधडी शिवून ठेवलीय. मऊ झालेल्या नऊवारी साड्यांची, हिरव्या काठाची. डिसेंबरात जत्रेला घेऊन येतेय. पैशांचं नाव काढू नका. तास मात्र वहीत लिहिलेत, ४८.

तुमची,
वाकळवाली