उपग्रहाची चित्रे वाचणारी माणसे सीमाभागात तयार करा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कणकुंबी आणि अथणी ही दोन्ही ठिकाणे बेळगाव जिल्ह्यातच मोडतात. पण कणकुंबीचा पाऊस कोकणाच्या तोडीचा, तर अथणीचा शेतकरी भर जुलैतही आभाळाकडे डोळे लावून बसलेला. हवामान खात्याच्या विभागणीत मात्र हा सगळा जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात, बिदर आणि कलबुर्गीच्या पंगतीत येतो आणि पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा निघतो तो संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच. घाटमाथ्यावरच्या भातशेतीला आणि कृष्णाकाठच्या उसाला एकच इशारा पुरेसा नाही, हे इथल्या कोणालाही पटेल. हे चित्र बदलण्यासाठी लागणारी सामग्री आपल्या डोक्यावर, शब्दशः, फिरते आहे. उणीव आहे ती या भागाच्या नजरेने ती वाचणाऱ्या माणसांची. त्यासाठी हे पत्र.

2016 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला इन्सॅट-3डीआर हा हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, 74 अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. बेळगावचा रेखांश साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास असल्याने तो जवळजवळ आपल्याच रेषेत दक्षिणेला उभा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये इन्सॅट-3डीएस हा त्याचा जोडीदार अवकाशात गेला. असा एक उपग्रह साधारण अर्ध्या तासात पृथ्वीच्या दिसणाऱ्या बाजूचे पूर्ण चित्र घेतो आणि दोघांच्या वेळा आलटून पालटून ठेवल्या की दर पंधरा मिनिटांनी नवे चित्र हाती येते. ही चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या ‘मोसडॅक’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तेव्हा प्रश्न चित्रे मिळण्याचा उरलेला नाही.

प्रश्न आहे तो चित्राचा अर्थ लावण्याचा. अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या) चित्रात ढगाच्या माथ्याचे तापमान दिसते; माथा जितका थंड तितका तो चित्रात पांढरा. माथा जितका थंड तितका ढग उंच आणि जितका उंच तितका पाऊस जोरदार, असा ठोकताळा सर्वसाधारणपणे शिकवला जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण सह्याद्रीत तोच दगा देतो. नैर्ऋत्येकडून आलेला दमट वारा चोर्ला-कणकुंबीच्या कड्यावर चढतो तेव्हा तयार होणारे ढग अनेकदा फार उंच नसतात. त्यांच्यात बर्फ बनण्याआधीच थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि धो-धो कोसळतात. अशा दिवशी अवरक्त चित्रात कणकुंबी-जांबोटीवर मळकट राखाडी पट्टा तेवढा दिसतो आणि त्याच वेळी पूर्वेकडे, दुसऱ्याच एखाद्या वादळातून पसरलेल्या उंच, पातळ ढगांमुळे अथणी-रायबागचा भाग पांढराशुभ्र चमकत असतो. नवख्या माणसाचे बोट पांढऱ्या भागावर जाईल, आणि मलप्रभेला पाणी चढलेले असेल ते राखाडी पट्ट्याखाली. केवळ ढगमाथ्याच्या तापमानावरून संगणकाने काढलेला पावसाचा अंदाजही घाटमाथ्यावर याच कारणाने कमी पडतो. म्हणून उपग्रहाचे चित्र आणि जमिनीवरचे पर्जन्यमापक शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय अंदाजकर्त्याला लागली पाहिजे, आणि ती सवय आपल्याच डोंगरांच्या उदाहरणांवर लागली पाहिजे.

वळिवाची गोष्ट याच्या उलट. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाटाच्या पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उगवतात आणि दोन-तीन तासांत विजा, वारा, गारा घेऊन गावावर येतात. इन्सॅटच्या दृश्य (सूर्यप्रकाशात घेतलेल्या) चित्रात 1 किलोमीटरपर्यंतचा बारकावा असतो, तर उष्णतेच्या अवरक्त चित्रात तो 4 किलोमीटरचा. त्यामुळे दिवसा असा ढग उगवताना आधी दृश्य चित्रात टिपता येतो आणि मग त्याचा माथा किती झपाट्याने थंड होतो आहे हे अवरक्त चित्रांच्या मालिकेत पाहता येते. पडलेल्या पावसातून सुटलेला गार वारा पुढे सरकतो आणि ढगांची एखादी बारीक कमान काढत जातो. ती कमान जिथे दुसऱ्या वाऱ्याला भिडते तिथे पुढचा वळीव उठण्याची शक्यता मोठी. आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. उपग्रह दक्षिणेकडून तिरपा पाहत असल्याने 15 किलोमीटर उंचीच्या ढगाचा माथा आपल्या अक्षांशावर खऱ्या जागेपेक्षा सुमारे 5 किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. येळ्ळूरवर कोसळणारा पाऊस बेळगाव शहरावर दाखवायला एवढे अंतर पुरते. हे सारे चार दिवसांच्या व्याख्यानांतून अंगवळणी पडणारे नाही. त्याला जुन्या चित्रांचा सराव लागतो.

पुराच्या बाबतीत दुखणे वेगळे आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी या नद्यांचे पाणी सातारा-कोल्हापूरच्या डोंगरातून आणि आंबोलीकडून येते आणि चिक्कोडी-हुक्केरीच्या गावांत शिरते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ते पुरेपूर दाखवून दिले. पण कोल्हापूर हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात, आपण दुसऱ्या. तिकडचा अंदाज मुंबईच्या कार्यालयाकडे आणि इकडचा बेंगळुरूच्या. उपग्रहाच्या चित्रात ही हद्द नसते. निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन्हीकडच्या अंदाजकर्त्यांनी राधानगरीपासून खानापूरपर्यंतचा घाटमाथा हा एकच प्रदेश मानून त्याची चित्रे रोज एकत्र बसून पाहावीत, ही मागणी मला तरी अवाजवी वाटत नाही. त्यावरून निघणारा इशारा सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही मिळाला, तर तो ज्या घरात पाणी शिरणार आहे त्या घरापर्यंत वेळेत पोहोचेल.

प्रशिक्षणाची सोय दूर नाही. हवामान खात्याची प्रशिक्षण संस्था पुण्यात पाषाणला आहे आणि खात्याचे कर्मचारी तिथे शिकतातच. माझी विनंती आहे ती त्या शिक्षणाला आपल्या भागाची जोड देण्याची. वर सांगितलेल्या महापुरांतले दिवस, खानापुरातील अतिवृष्टीचे दिवस, वळिवाने मोठे नुकसान झालेले दिवस आणि ऐन सुगीत कापून ठेवलेले भात भिजवणाऱ्या अवकाळी पावसाचे दिवस निवडावेत. त्या दिवसांची उपग्रहचित्रे, गोव्याच्या डॉप्लर रडारची (ढगांतला पाऊस आणि वारा टिपणाऱ्या रडारची) चित्रे आणि तालुक्यातील पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र मांडाव्यात आणि पुढे काय घडले हे झाकून ठेवून प्रशिक्षणार्थींकडून अंदाज करून घ्यावा. जे दिवस चुकतील त्यांवरच अधिक वेळ द्यावा, कारण शिकण्यासारखे तिथेच असते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. उपग्रहाचा अंदाज ताडून पाहायला याहून चांगले साधन शोधावे लागणार नाही. जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती कक्षातील दोन-तीन कर्मचाऱ्यांनाही या वर्गात बसवावे, म्हणजे रात्री-अपरात्री आलेल्या चित्राचा अर्थ विचारायला बेंगळुरूला फोन लावण्यापुरतेच त्यांचे काम उरणार नाही.

कणकुंबी, जांबोटी, लोंढा, गुंजी आणि नागरगाळी येथील पावसाच्या जुन्या नोंदी मागवून घेण्याचे काम याच हिवाळ्यात हाती घेतले, तर पावसाआधी कोरड्या जमिनीत होणाऱ्या धूळवाफ पेरणीच्या आधी, वळिवाच्या तोंडावर, पहिला वर्ग भरवता येईल. हवामान खात्याने आणि दोन्ही राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन विभागांनी याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, खानापूर, जि. बेळगाव