‘अक्षांश’ हे भाषांतर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषुवदिनानिमित्त (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसानिमित्त) आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘अक्षांश’ हे ‘लॅटिट्यूड’चे भाषांतर असल्याचे म्हटले आहे. तसे नाही. आज दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जात असले, तरी ते अगदी वेगळ्या वाटांनी आले आहेत.

‘लॅटिट्यूड’च्या मुळाशी रुंदी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. गोल पृथ्वीला रुंदी कुठली, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीला माहीत असलेले जग पूर्व-पश्चिम १८० अंश पसरलेले आणि दक्षिणोत्तर सुमारे ८० अंशच भरणारे होते, त्यामुळे लांब बाजूला लांबी आणि आखूड बाजूला रुंदी म्हणणे त्या काळी स्वाभाविकच होते. मोकळीक, सूट हा त्या शब्दाचा इंग्रजीतील दुसरा अर्थही रुंदीतूनच निघाला.

आपला शब्द मात्र नकाशावरून नव्हे, आकाशावरून आला. अक्ष म्हणजे पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती आस. तिचे टोक असलेला खगोलीय ध्रुव (ध्रुवताऱ्याजवळचा बिंदू) क्षितिजापासून जितके अंश उंच दिसतो, तितके त्या गावाचे अक्षांश. ते काढण्यासाठी जुने ज्योतिषी विषुवदिनी माध्यान्ही १२ अंगुळे (बोटे) उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली मोजत. तिला पलभा किंवा अक्षभा म्हणत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ज्योतिषग्रंथात पलभेला १०, ८ आणि १० भागिले ३ यांनी गुणून चरखंडे, म्हणजे दिवस किती लहान-मोठा होतो ते सांगणारे आकडे, काढण्याची रीत आहे; दिनमान (दिवसाची लांबी) आणि लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) यांचे गणित त्यावर चाले. ज्या शब्दामागे एवढे गणित उभे आहे, त्याला उसना ठरवणे मला तरी पटत नाही.

पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा असल्याने येथील पलभा जवळजवळ नेमकी ४ अंगुळे येते, म्हणजे सावली काठीच्या एकतृतीयांश. भूगोलाच्या शिक्षकांनी मार्चमधील विषुवदिनी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास ३० सेंटीमीटरची पट्टी उन्हात सरळ उभी धरून मुलांना सावली मोजायला लावावी. ती १० सेंटीमीटर भरेल. सप्टेंबरमध्येही हे करता येते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

आपला,
एक वाचक, पुणे