शुक्रवारचा ओव्हरटाइम

कुवेत,
शुक्रवार, रात्री

प्रिय पप्पा आणि मम्मी,
सप्रेम सलाम.

पप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शुक्रवारचा ओव्हरटाइम मिळतोय, दीडपट पैसे आहेत, मग नाही का म्हणतेस? देव समजून घेतो ना आपलं." मी फक्त "लिहून कळवते" म्हटलं. तुम्हांला उलट बोलायचं नव्हतं, आणि घाईत उत्तर द्यावं असा तो प्रश्नही नव्हता.

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. दर महिन्याला येतात ते पैसे तसेच येत राहतील. मम्मीच्या शुगरच्या गोळ्या, डोळ्यांची तपासणी, बँकेचा हप्ता, यांतलं काहीही थांबणार नाही. थांबणार आहे तो फक्त वरचा मजला. या उन्हाळ्यात स्लॅब पडणार नाही. पुढच्या दिवाळीनंतर होईल, कदाचित त्याहून उशिरा. दादा-वहिनी आणि मुलं एका खोलीत किती अडचणीत राहतात ते मला माहीत आहे. दादा तोंडाने काही बोलत नाही, म्हणून ते माझ्या मनात जास्तच राहतं. तरीसुद्धा मी नाही म्हटलं. का, ते सांगते.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार कामाचा दिवस, सगळी ऑफिसं उघडी. त्यामुळे आपल्या ख्रिस्ती लोकांची मुख्य उपासना शुक्रवारी होते. शहरात चर्चचं एक जुनं आवार आहे. एकाच फाटकातून अरबी, इंग्रजी, मल्याळी, तमिळ, तेलुगू अशा कितीतरी मंडळ्या आपापल्या वेळेला आत जातात आणि वेळ संपली की दुसऱ्यांना जागा करून देतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे काम अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलं, आपल्याकडच्यासारखंच. त्यांचा दवाखाना समुद्रकाठी होता, त्या इमारतीत आता सांस्कृतिक केंद्र आहे. १९१२ मध्ये डॉ. एलेनॉर कॅल्व्हर्ली नावाच्या बाई इथे आल्या. पुरुष डॉक्टरकडे जायला बायका तयार नसायच्या, त्यांच्यासाठी. त्या इमारतीवरून बस गेली की मला मिरजेचा मिशन दवाखाना आठवतो. डॉ. वॉनलेससाहेबांनी तो १८९४ मध्ये काढला नसता, तर आपल्या सोलापूर-सांगली-नगरच्या किती ख्रिस्ती मुली नर्स झाल्या असत्या?

माझ्या नर्सिंगच्या रोस्टरमध्ये जे शुक्रवार येतात ते मी करते, पप्पा, आणि मनापासून करते. आजारी माणूस वार बघून आजारी पडत नाही. शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला वर काढणार नाही काय, असं प्रभूनेच विचारलंय. वॉर्डात उभं राहणं हीही सेवाच आहे. प्रश्न आहे तो माझ्या सुट्टीच्या शुक्रवारांचा. ते विकायचे की नाहीत, एवढाच.

त्या शुक्रवारी मी काय करते ते तुम्हांला नीट कधी सांगितलंच नाही. उपासना झाली की चर्चच्या आवारात तेलुगू बायका जमतात. कडप्पा आणि गोदावरीकडच्या, इथल्या घरांमधून काम करणाऱ्या. २०१५ च्या कायद्याने त्यांना आठवड्याला एक सुट्टी आहे, पण पुष्कळ जणींना ती मिळत नाही. काहींची मॅडम फक्त चर्चसाठी म्हणून दोन-तीन तास सोडते. त्या दोन-तीन तासांत त्यांना उपासना हवी असते, घरी मेसेज पाठवायचा असतो, दुखणं कुणाला तरी सांगायचं असतं आणि थोडं रडायचंही असतं. मी बीपी बघते, शुगर तपासते, इंग्रजीत लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठ्या समजावून सांगते. कुणाला दवाखान्यात जायलाच हवं असेल तर मॅडमला फोन करून सांगते. नर्सचा फोन असला की मॅडम ऐकते. मग आम्ही गोल बसतो, एक वचन वाचतो आणि प्रार्थना करतो.

आणि हे माझ्याकडे का आलं? कारण इथल्या आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांत तेलुगू बोलणारी मी एकटीच. आपण सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत राहिलो म्हणून. शेजारची अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची आणि मी तिच्याजवळ बसून तेंदूच्या पानांशी खेळायचे. ती भाषा मी शिकले नाही, ती कानात पडत गेली. आजी बायबलबाई म्हणून, बायबलमधलं वाचून सांगायला, त्याच गल्ल्यांतून दारोदार जायची, चपला झिजवत. तिला तेलुगू धड येत नव्हतं. ती म्हणायची, "मला दोन वाक्यं आली असती तर किती सोपं झालं असतं." ती दोन वाक्यं मला मिळाली आहेत. ती मी शुक्रवारी दीडपट दराने कुणाला देऊन टाकू?

पप्पा, लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला मोठ्या मेजवानीचा दाखला मी या महिन्यात पुन्हा पुन्हा वाचला. बोलावणं आलं तेव्हा एकाने शेत घेतलं होतं, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या होत्या, एकाचं नुकतंच लग्न झालं होतं. यांत पाप कुठे आहे? शेत घेणं चांगलं, बैल घेणं चांगलं, लग्न तर देवानेच नेमलेलं. कुणी दारूच्या गुत्त्यावर चाललो म्हणून नकार दिला नाही. तिघांची कारणं सभ्य होती आणि तिघंही मेजवानीबाहेर राहिले. लहानपणी मला वाटायचं की देव आणि सैतान समोरासमोर उभे राहतील आणि मग आपण निवडायचं. तशी वेळ माझ्यावर तरी अजून आली नाही. माझ्यावर आली ती वरच्या मजल्याची वेळ.

देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वचन आपल्याला पाठ आहे. पण धन हा धनी म्हणून कधी दारात येत नाही. तो आईबापांसाठी, भावासाठी, भाच्यांच्या शाळेसाठी म्हणून येतो, आणि आल्यावर उठायचं नाव घेत नाही. इथे मी अशा मैत्रिणी पाहिल्या आहेत, फार चांगल्या मुली. घर झालं की थांबू म्हणाल्या. मग भावाचं लग्न आलं, मग प्लॉट, मग दुसरा प्लॉट. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या गरजा खऱ्या होत्या. पण "झालं, आता पुरे" असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. धन कधी म्हणणार नाही, ते आपल्यालाच म्हणावं लागतं.

मलाखी संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात देव याजकांना विचारतो की आंधळं, लंगडं जनावर तुम्ही मला अर्पण करता, तेच आपल्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो खूश होईल काय? सहा दिवस ड्यूटी, सातव्या दिवशी ओव्हरटाइम, आणि रात्री झोपेने डोळे मिटत असताना दोन मिनिटांची प्रार्थना. आमच्या सुपरवायझरसमोर मी अशी उभी राहिले असते का? आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं तेव्हा मम्मी आधी पिण्याचे हंडे भरून घेते, मग टाकी, मग धुणं. धुणं आधी करून उरलं तर पिण्याचं भरू, असं तिने कधी केलं नाही. मला एवढंच करायचं आहे.

आता तुमच्या मनात येईल ते मीच लिहिते. देवाचं नाव पुढे करून घरच्यांना वाऱ्यावर सोडणारे लोक असतात. प्रभू त्यांच्यावर किती रागावला होता! मार्कच्या सातव्या अध्यायात कुर्बानचं आहे: जे आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकायचे. तशी भक्ती देवाला नको आहे. म्हणून मम्मीच्या औषधाचा आणि हप्त्याचा पैसा मी देवाच्या कामाच्या आधीसुद्धा बाजूला काढते. कारण तो पैसाच देवाचं काम आहे. गरज आणि वाढ यांत फरक आहे. गरजेसाठी मी सुट्टीच्या शुक्रवारीही उभी राहीन. उद्या मम्मीचं ऑपरेशन निघालं तर मी दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाइम घेईन आणि मला त्यात कमीपणा वाटणार नाही. वाढीसाठी मात्र नाही.

तुम्ही आम्हांला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगायचात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावलं, सगळं सोसलं. मला आता त्यांचा शेवटचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची चाकरीही सोडली आणि संन्यासी होऊन 'देवाचा दरबार', म्हणजे ख्रिस्तभक्तांचा मेळा, मांडायला निघाले. पगार मिशनचा होता, काम सुवार्तेचं होतं, तरी तेही त्यांना अडसर वाटलं. दोन वर्षांत ते वारले. पण पप्पा, अशा प्रत्येक निर्णयाची झळ आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसली. आपण टिळकांवर भाषणं करतो आणि हे पटकन बोलून पुढे जातो. माझ्या निर्णयाची झळ वहिनीला बसते आहे. स्वयंपाकघरात अंथरूण तिला घालावं लागतं, मला नाही. मी तिला वेगळं पत्र लिहिते आहे. तिने मनातलं सगळं मला स्पष्ट लिहावं, रागावलेली असेल तर तेही.

इस्राएलांचा पुढारी यहोशवाने शखेम गावी लोकांना "कोणाची सेवा करणार ते आज ठरवा" असं विचारलं, ते आपल्या बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलंय. त्याच्या दोन ओळी आधी काय आहे ते बघा. तुम्ही न बांधलेली नगरं तुम्हांला मिळाली, न लावलेले द्राक्षमळे मिळाले. म्हणजे हा प्रश्न उपाशी, वणवण करणाऱ्या लोकांना विचारलेला नाही, पोट भरलेल्यांना विचारलाय. लोकांनी लगेच होकार दिला, तर यहोशवा खूश झाला नाही. तुम्हांला हे जमणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. सोपा होकार त्याला नकोच होता. फ्रेममध्ये हे सगळं मावत नाही, पण ते वाचल्याशिवाय ती ओळ अर्धीच राहते.

आणि चर्चचं काम म्हणजे आपोआप देवाचं काम, असंही मी धरून चाललेली नाही. चर्चच्या पंच कमिटीच्या निवडणुकीसाठी माणसं किती धावपळ करतात ते आपण पाहिलंय. उद्या इथे शुक्रवारी माझं नाव व्हावं म्हणून मी जाऊ लागले, तर तुम्हीच मला टोका.

हे मी नवीन कुठे शिकले, पप्पा? वाडीहून रात्रीची मालगाडी घेऊन तुम्ही पहाटे यायचात. लाइन बॉक्स, म्हणजे गाडीवरच्या सामानाची पेटी, स्टेशनच्या लॉबीत ठेवून घरी येऊन आंघोळ करायचात आणि न झोपता चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवायला जायचात. मम्मी म्हणायची, थोडं पडा, मुलांना दुसरं कुणी शिकवील. तुम्ही म्हणायचात, "मुलं वाट बघत असतात." ज्या रविवारी गाडीवर असायचात त्या रविवारी तुम्ही कुरकुर केली नाहीत, आणि जो रविवार मोकळा असायचा तो कुणाला दिला नाहीत. जास्त मायलेज भत्ता मिळावा म्हणून ड्यूटी मागून घेणारे तुमच्या बरोबरीचे कितीतरी होते. त्यांची घरं आपल्याआधी दुमजली झाली. आपण चौघं त्या एका खोलीत वाढलो. मला त्या खोलीत काही कमी पडल्याचं आठवत नाही. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मात्र पक्की आठवते.

म्हणून तुम्ही "देव समजून घेतो" म्हणालात तेव्हा मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं, तुम्ही माझ्या काळजीने बोललात. लेकीने परदेशात राबावं आणि हातात काही दिसू नये, हे बापाला बघवत नाही. पण पप्पा, इथे माझं हवं ते मला मिळतंय. शुक्रवारी संध्याकाळी मी दमून खोलीवर येते तेव्हा मला चांगली झोप लागते.

आता कामाचं. त्या बायकांमध्ये एकीला अक्षरओळख नाही. मुलगा गावाकडून मेसेज लिहून पाठवतो तो तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि मुलाने आईला लिहिलेलं सगळंच दुसऱ्यासमोर वाचण्यासारखं नसतं. तिला वाचायला शिकायचंय. मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही, म्हणजे आम्ही दोघी बरोबरच शिकू. पूर्व भागात तेलुगू शाळेजवळच्या दुकानात पहिलीचं वाचनाचं पुस्तक मिळेल, मोठ्या अक्षरांचं. दोन प्रती घ्या आणि अंकलिपीसारखं काही असेल तर तेही. माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात सुट्टीवरून परत येते आहे, ती पुण्यात आहे. दादाने तिच्याकडे पोचवलं तर बरं होईल. सोबत शेंगाचटणी थोडी जास्त द्या. गेल्या वेळची एका शुक्रवारीच संपली.

मिस्त्रीला सांगा की सळ्यांना गंज लागू नये म्हणून वरचे पिलर झाकून ठेव. फाउंडेशन पक्कं आहे, मजला होईल.

मम्मी, शुगरचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठव, "बरी आहे" एवढ्यावर भागणार नाही.

पाळकसाहेबांना, महिला मंडळातल्या सगळ्यांना आणि अक्काला सलाम सांगा. मुलांना गोड पापा.

तुमची,
बेबी